गाळणीतलं चौतिसावं भोक

बाईंना राग यायला फार मोठं कारण लागत नसे. इस्पितळातल्या लिफ्टजवळच्या फलकावर एखादं अक्षर चुकलेलं दिसलं, तरी त्या तिथेच थांबून पर्समधून पेन काढायच्या, आणि आपल्यामागे पेशंटचं स्ट्रेचर खोळंबलंय याचंही त्यांना भान राहायचं नाही. एकदा डॉक्टरांच्या खोलीवरची पाटी त्यांनी डॉक्टरांदेखत दुरुस्त केली होती. डॉक्टर हसले. बाई नाही हसल्या. चुकीचं लिहिलेलं चालवून घेणारी माणसं बाकीचंही सगळं चालवून घेतात, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या विचारल्याशिवाय सांगायच्या.

त्यांचा वर्ग भरायचा दुसऱ्या मजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागे, पूर्वी जिथे मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचे त्या खोलीत. कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये अजूनही पांढरा थर धरलेला होता. तो खरवडायला कोणी येत नाही याबद्दल बाईंनी तीन अर्ज केले होते. सकाळची पाळी सुटली की तीन वाजता तिथे वॉर्डातल्या मावश्या यायच्या, स्ट्रेचर ओढणारे मामा यायचे, कपडे धुणाऱ्या, भांडी उकळणाऱ्या बायका यायच्या, आणि दमलेल्या पायांतल्या चपला बाकाखाली काढून इंग्रजीला बसायच्या. इंग्रजीशिवाय त्यांचं काही खरं नव्हतं. औषधांवरची लेबलं इंग्रजी, यंत्रावरची बटणं इंग्रजी, पेशंटच्या पायाशी टांगलेला तक्ता इंग्रजी. साठ प्रश्नांचा एक पेपर होता. त्यात चाळीस मिळाले की खालच्या कामावरून वॉर्ड-सहायकाच्या जागेवर जाता यायचं. एकोणचाळीस मिळाले की जिथे होतात तिथेच.

मोठमोठे शब्द ही माणसं भराभरा पाठ करायची. आजारांची लांबलचक नावं त्यांच्या तोंडात खडीसाखरेसारखी विरघळायची. घोडं अडायचं ते टिकलीएवढ्या शब्दांपाशी. आपल्याकडे एक 'मध्ये' असला की भागतं. गोळ्या डबीमध्ये, भांडण दोघींमध्ये, माणूस गर्दीमध्ये. इंग्रजीवाल्यांचं तेवढ्यावर भागत नाही. त्यांनी गोळ्यांना एक शब्द ठेवलाय, दोघींना 'बिट्वीन' आणि गर्दीला 'अमंग'. बाई हे शब्द फळ्यावर शिकवायच्या नाहीत. त्या एक ट्रे घ्यायच्या, चार वाट्या, पट्ट्यांची एक गुंडाळी, आणि प्रत्येकाला उठवून हातानं करायला लावायच्या. ट्रेवर ठेव, वाटीत टाक, दोन वाट्यांच्या बरोबर मधोमध धर. पन्नाशीच्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या. पण जे हातानं केलं ते त्या विसरत नसत.

फक्त 'बिट्वीन' आणि 'अमंग' या जोडीला मात्र पंधरा वर्षं बाईंनी ट्रे लावलाच नव्हता. त्याला त्यांच्या मते नुसती बोटं पुरत होती. दोघं असतील तर बिट्वीन, दोनाच्या वर गेलात की अमंग. शाळेत त्यांना असंच शिकवलं होतं, आणि मोजायला सोपं म्हणून त्यांनीही ते तसंच पुढे दिलं होतं.

सहा वर्षांपूर्वी वर्गात एकानं नव्या पलंगाबरोबर आलेलं माहितीपत्रक आणलं. त्यात लिहिलं होतं की पलंगाचं वजन चार चाकांच्या 'बिट्वीन' वाटलं जातं. बाई उसळल्या. चार चाकं आणि बिट्वीन? कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं ठरवून, पुराव्यासाठी म्हणून त्यांनी घरचा जाडजूड शब्दकोश उघडला, आणि तो शब्दकोश कंपनीच्या बाजूनं बोलायला लागला. तिथे स्वच्छ छापलं होतं की आकड्याचा इथे संबंध नाही. तीन असोत, चार असोत, प्रत्येकाकडे वेगळं वेगळं बघता येत असेल तर बिट्वीन चालतो. सगळे मिळून एक घोळका झाला की अमंग. बाई दोन दिवस शब्दकोशावर रागावून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात ट्रे आणला, त्यात चार वाट्या मांडल्या आणि सांगितलं की कालपर्यंत मी शिकवलं ते विसरा. आपली चूक चारचौघांत कबूल करायला छाती लागते, आणि ती बाईंना होती असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

यंदाच्या वर्गात लिनन खोलीतली मावशी होती. वय त्रेपन्न, अंगानं काटक, आणि मनगटं चादरी पिळून पिळून सुजलेली. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. फाटकं बाजूला काढायचं, शिवण्याजोगं शिवायचं, बाकीचं घडी करून वॉर्डात पाठवायचं. आता वरून हुकूम आला होता की धुलाई बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायची आणि लिनन खोली महिनाअखेर बंद करायची. ज्या पेपरात पास झाल्यात त्या वॉर्डात जातील, बाकीच्या घरी. मावशीचा हा तिसरा प्रयत्न होता, आणि तीनच मिळतात. घरी जायची तिला धास्ती बसली होती. “तीस वर्षं मी दिवसभर इथे असते,” ती एकदा बाईंना म्हणाली होती, “घरात माझी बसायची जागा कुठली, तेसुद्धा मला सांगता येणार नाही.”

पण चार वाट्यांचा धडा सगळ्यांत आधी तिलाच कळला. बाईंनी विचारलं, सांगा बघू फरक, तेव्हा ती उठली आणि पदराला हात पुसत तिनं जे सांगितलं ते बाईंनी वहीत उतरवून ठेवलं. ती म्हणाली, “समजा, मी वॉर्डात लागले. आम्ही चौघी पाळीवर आणि पलंग चोवीस. माझे सहा ते माझे, तिचे सहा ते तिचे. माझ्या पेशंटला काय होतंय ते मला विचारायचं. म्हणजे आम्ही चौघी असून चार वेगळ्या आहोत. तिथे बिट्वीन. आणि धुऊन आलेल्या दोनशे चादरींत एक फाटकी सापडते, तिथे अमंग. चादरींना कोण वेगळं ओळखतं.” बाईंना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्या कोणावरही ओरडल्या नाहीत.

निकाल लागला. मावशीला एकोणचाळीस.

बाईंनी तो कागद फलकावर दोनदा वाचला आणि तडक खाली परीक्षेच्या कार्यालयात गेल्या. तिथला मुख्य कारकून सज्जन माणूस होता. त्याच्या टेबलावर कागद कधी तिरपा पडलेला कोणी पाहिला नव्हता. इंग्रजी त्याला बेताचंच यायचं आणि त्याची त्याला कधी गरजही पडली नाही, कारण पेपर तपासायला त्याच्याकडे गाळणी होती. गाळणी म्हणजे उत्तरपत्रिकेएवढा जाड पुठ्ठा, त्याला साठ भोकं पाडलेली. पेपर देणारी माणसं चार उत्तरांपैकी एकाला शाईनं गोल करायची. पुठ्ठा कागदावर बसवला की बरोबर उत्तरं तेवढी भोकांतून दिसतात. गोल दिसला की एक गुण. प्रश्नांचे चार संच होते, चार गाळण्या होत्या, आणि दर वर्षी आळीपाळीनं एकेक बाहेर निघायची. पेपर परीक्षा संपताच मोजून परत घेतले जायचे आणि शिकवणाऱ्यांना ते बघायची बंदी होती. चारशे माणसांचं भवितव्य एका दुपारी गाळून होतं, असं कारकून मोठ्या अभिमानानं सांगायचा.

उत्तरपत्रिका दाखवायला तो राजी नव्हता. बाई त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या आणि उठेनात. शेवटी त्यानं कपाट उघडलं, मावशीचा कागद काढला, त्यावर तिसऱ्या संचाची गाळणी ठेवली आणि एकेका भोकावरून बोट फिरवत गेला. चौतिसाव्यापाशी बोट थांबलं. भोकात 'अमंग' हा शब्द दिसत होता आणि त्याच्याभोवती काही नव्हतं. बाईंनी पुठ्ठा उचलला. खाली 'बिट्वीन'ला गोल होता, मावशीनं दोनदा गिरवलेला. बाईंनी प्रश्न वाचला. चार सेविकांनी वॉर्डातले पलंग आपसात वाटून घेतले आणि प्रत्येकीनं आपापले सहा सांभाळले, असं ते वाक्य होतं. जणू मावशीच्या तोंडूनच ऐकून कोणी छापलं होतं.

बाईंचा आवाज चढला. इथे बिट्वीनच बसतं, त्या म्हणाल्या. अमंगही चालतं असं कोणी म्हणालं तर मी एक वेळ ऐकून घेईन, पण बिट्वीन चूक आहे असं म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.  कारकुनानं गाळणी पुन्हा कागदावर सरळ बसवली.

“बाई, आम्ही भोकं बघतो,” तो म्हणाला. “भाषा बघायचं काम आमच्याकडे नाही.”

“मग कोणाकडे आहे?”

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. “ज्यानं भोकं पाडली, त्याच्याकडे असणार.”

घरी आल्यावर बाईंनी जेवणाला हात लावला नाही. त्या आणि त्यांची थोरली बहीण अशा दोघीच राहायच्या. ताईला धाकटीच्या रागाची सवय होती. बाहेर वारा सुटला की खिडक्या लावाव्यात तशी ती अशा वेळी ताटं आवरून घ्यायची. बाई मात्र टेबलाशी बसून अर्ज लिहीत होत्या आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचत होत्या. त्यातलं एक वाक्य ताईला ऐकूनच पाठ झालं. ते असं होतं: “ज्या कोणा अर्धशिक्षित इसमाने ही उत्तरसूची तयार केली, त्याने आपल्या अज्ञानाची शिक्षा एका कष्टाळू बाईला दिली आहे. अशा इसमास शिकवण्याच्या कामापासून कायमचे दूर ठेवावे.” ताई म्हणाली, शेवटचं वाक्य काढ, जास्त होतंय. बाई म्हणाल्या, हे कमीच आहे. सकाळी त्या शब्दकोश पिशवीत घालून निघाल्या तेव्हा ताईनं विचारलं, कोणाच्या डोक्यात घालणार आहेस. बाईंनी उत्तर दिलं नाही, कारण तो विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता.

अर्ज त्या दिवशी कारकुनाकडेच द्यावा लागला, आणि परीक्षा समितीच्या प्रमुखांची भेट मिळाली दुसऱ्या दिवशी. प्रमुख होती मेट्रन. साऱ्या नर्सेसची वरिष्ठ, कमी बोलणारी, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणारी. तिनं अर्ज वाचला, शब्दकोशातली खूण केलेली जागा वाचली, आणि कबूल केलं की बाईंचं म्हणणं बरोबर दिसतंय. बाईंना हे इतक्या सहज होईल असं वाटलं नव्हतं. रागाला अजून जोर होता आणि अडवायला समोर कोणी नव्हतं, म्हणून त्या पुढे बोलतच राहिल्या. ही उत्तरसूची केली कोणी ते शोधा, त्या म्हणाल्या. अशी माणसं कुठून आणता, आणि त्यांच्या हातात कात्री कोण देतं.

कारकून दाराशी उभा होता. अर्जातला 'अर्धशिक्षित' हा शब्द त्याला आपल्याला उद्देशून वाटला होता आणि रात्रभर टोचत होता. म्हणून तो सकाळीच अभिलेखाच्या खोलीत जाऊन तिसऱ्या संचाची मूळ फाइल काढून आला होता. त्यानं ती मेट्रनसमोर ठेवली. एकोणीस वर्षांपूर्वीची उत्तरसूची, साठ ओळी, स्वच्छ टपोऱ्या अक्षरात, आणि खाली सही.

सही बाईंची होती.

त्यांना आठवलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. त्या वेळच्या मेट्रननं हौसेनं चारही संच त्यांच्याकडून करून घेतले होते. ओळखीनं प्रश्न फुटायला नकोत म्हणून पुढे शिकवणाऱ्यांना पेपर बघायची बंदी आली, आणि बाई ते प्रश्न साफ विसरून गेल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी नियम बदलला तो वर्गात. कपाटातल्या पुठ्ठ्यापर्यंत तो गेलाच नाही. कारण आपण एकदा हाताळलेल्या गोष्टी कुठेतरी अजून काम करत असतील, हे त्यांच्या मनातच आलं नाही. दुसऱ्यांच्या पाट्या दुरुस्त करत हिंडणाऱ्या बाईला स्वतःची पाटी तपासावीशी वाटली नाही. सांगणाऱ्यालाही याचा संताप येतो, मग बाईंचं काय झालं असेल.

कारकून जिंकल्यासारखा दिसत नव्हता. त्यानं फक्त विचारलं की अर्जातलं ते शेवटचं वाक्य तसंच ठेवायचं का.

मेट्रननं त्याला बाहेर पाठवलं आणि दार लावलं. तिनं जे सुचवलं ते वाईट नव्हतं. मावशीला एक गुण वाढवून देते, ती म्हणाली, तेवढा अधिकार मला आहे. आज सही करते, उद्या तिचं नाव वॉर्डाच्या यादीत जाईल. पुढच्या खेपेला हा संच निघेल तोवर प्रश्नच बदलून टाकू. तुम्ही एवढंच करा, हा अर्ज मागे घ्या. अर्ज समितीपुढे गेला तर एकोणीस वर्षांचे पेपर उघडावे लागतील, आणि पहिला प्रश्न तुमच्या वर्गाबद्दल निघेल. मग मावशीचंही समिती बसेपर्यंत अडकेल, आणि लिनन खोली काही समितीसाठी थांबणार नाही.

बाईंनी विचार करायला दुपारपर्यंतचा वेळ मागितला आणि त्या तळघरात लिनन खोलीकडे गेल्या. खोलीत वाफेचा आणि साबणाचा दमट वास होता. मावशी एकटीच चादरींच्या घड्या घालत होती. बाई आल्या तशी तिनं काही न विचारता चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली, कारण मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात आणि दुसरी बाई कालच घरी गेली होती. घडी घालता घालता बाईंनी सगळं सांगितलं. गुण मिळतोय ते आधी, आणि चूक कोणाची ते शेवटी.

त्यांची अपेक्षा होती की मावशी म्हणेल, असू द्या बाई, माणूस आहे, चुकतो. मावशी तसं काही म्हणाली नाही. तिनं हातातली चादर खाली ठेवली.

“माझं झालं,” ती म्हणाली. “माझ्या जावेचं काय?”

मावशीची धाकटी जाऊ बारा वर्षांपूर्वी याच इस्पितळात भांडी उकळायच्या खोलीत होती. बाईंच्याच वर्गात ती शिकली, पेपरला बसली, आणि तिलाही एकोणचाळीस मिळाले होते. पुन्हा बसायला ती तयार झाली नाही. वर्षभरात नोकरीही सोडली. मावशीनं हे सांगताना बोटं मोजली: दर चौथ्या वर्षी तोच संच फिरून येतो, म्हणजे तिच्या वेळीही तिसराच होता. तिचा कागद काढून बघितलाय का कोणी?

बाईंना ती जाऊ आठवली. चेहरा नाही आठवला, हात आठवला. चार बोटं वर केलेला हात. ती विचारत होती की बाई, आम्ही चौघी असलो तरी प्रत्येकीचं भांडं वेगळं असतं, मग सगळ्यांना एकच शब्द कसा. आणि बाईंनी विचारलं होतं, तुला मोजता येतं ना, दोन की चार? वर्ग हसला होता. बाईही हसल्या होत्या.

मावशीला आता राग आवरत नव्हता. तिच्या तीस वर्षांत तिला कोणी एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. “परवापासून तुम्ही माझ्यासाठी भांडताय म्हणून सगळीकडे बोलबाला झालाय. भोकं पाडणारा दुसरा होता तोवर भांडायला बरं होतं. आता तुम्हीच निघालात, तर एका गुणात मिटवायचं?”

बाई म्हणाल्या की अर्ज ठेवला तर तुमचा गुण अडकेल. मावशी हसली, पण गोड नाही. तिनं सांगितलं की मी काही गुण सोडून द्यायला बसलेली नाही, माझं उत्तर बरोबर होतं आणि गुण माझाच आहे. मेट्रननं हा अर्ज मागे घ्यायला सांगितलंय ना, तर हा घ्या. आज तिची सही होऊ द्या. उद्या दुसरा लिहा, आणि त्यात 'कोणी इसम' म्हणू नका.

बाईंना ही लबाडी वाटली. आयुष्यभर त्यांनी सरळ रेघेत कामं केली होती. पण सरळ रेघेत काम करून काय झालं ते समोर होतं. त्यांनी चादरीची उरलेली घडी पुरी केली आणि त्या वर गेल्या.

मेट्रनची सही झाली. मावशीचं नाव यादीत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाईंनी नवा अर्ज दिला. त्याला चारच ओळी होत्या. तिसऱ्या संचाच्या चौतिसाव्या प्रश्नाची चुकीची उत्तरसूची मी केली. चुकीचा नियम पंधरा वर्षं मी शिकवला. नियम बदलला तेव्हा सूची तपासली नाही. एकोणीस वर्षांत एका गुणानं राहिलेल्या सगळ्यांचे कागद उघडावेत. मेट्रननं तो वाचला आणि पहिल्यांदाच मान वर करून बाईंकडे पाहिलं. वर्ग जाईल हो तुमचा, ती म्हणाली. बाई म्हणाल्या, जाऊ दे. आणि लगेच त्यांना मेट्रनचाच राग आला, कारण जणू तोच मुद्दा होता असं ती बोलली होती.

कागद उघडायला आठ दिवस लागले. कारकून शिडीवर चढून गठ्ठे खाली देत होता आणि बाई खाली बसून सोडत होत्या. दोघांच्या कपड्यांवर धूळ होती. एका गुणानं राहिलेले त्या संचात सहा निघाले. त्यातल्या पाचांच्या चौतिसाव्याला 'अमंग'लाच गोल होता आणि ते दुसरीकडे कुठे कुठे चुकले होते. बाईंच्या पोरींनी बाईंचं ऐकलं होतं.

सहावा कागद जावेचा. त्यावर 'बिट्वीन'ला आधी गोल केलेला होता, ठळक, न अडखळता. मग त्यावर आडवी रेघ मारून 'अमंग'ला दुसरा गोल केला होता, बारीक, थरथरता. गाळणीच्या भोकात तो गोल दिसत होता. तरीही गुण नव्हता, कारण नियमच होता की खाडाखोड असेल तर शून्य. कारकुनानं तो नियम वाचून दाखवला. त्यानं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि कागद बाईंसमोर ठेवला.

त्या बाईला येत होतं. बारा वर्षांपूर्वी, शब्दकोश न उघडता, नुसत्या भांडी उकळण्याच्या अनुभवावरून तिला ते येत होतं. मग ऐन पेपरात तिला वर्गाचं हसणं आठवलं असणार.

समितीनं तो प्रश्न सगळ्यांना माफ केला. जावेला बारा वर्षं उशिरानं चाळीस मिळाले. उत्तीर्ण समजावे, असं पत्र निघालं. नोकरी परत देता येणार नव्हती, वयाची अट ओलांडलेली होती. बाईंचा वर्ग चौकशी संपेपर्यंत बंद केला. पत्र टपालानं पाठवतो, कारकून म्हणाला. बाई म्हणाल्या, माझ्याकडे द्या.

जाऊ मावशीच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. दार उघडलं तेव्हा तिच्या बोटांना गोंद लागलेला होता. घरी बसून ती औषधांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवायचं काम करायची. आत जमिनीवर रांगेनं खोकी मांडलेली दिसत होती. तिनं बाईंना ओळखलं, पण आत या म्हणाली नाही. बाईंनी पत्र दिलं आणि त्याबरोबर तो जुना कागदही. पुढचं सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं, काही न लपवता, वर्गात हसल्याचंसुद्धा.

तिनं पत्र वाचलं नाही. ती कागदच बघत राहिली, चौतिसाव्या ओळीवर बोट ठेवून.

“मी आधी हे लिहिलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“हे बरोबर होतं.”

“बरोबर होतं.”

तिनं कागदाची घडी घातली. मग सावकाश बोलायला लागली. “मुलीच्या शाळेत मी कधी गेले नाही. तिथे इंग्रजीत बोलतात म्हणून नवऱ्याला पाठवायचे. ती पहिली आली तेव्हा पालकांना स्टेजवर बोलावलं, तेव्हाही मी घरीच. घरात कोणी काही विचारलं की मी म्हणायचे, मला नका विचारू, मला कळत नाही. तिला अजून वाटतं, आईला काही येत नाही.”

बाईंच्या तोंडून क्षमेचा शब्द निघत होता. जावेनं गोंदाचा हात वर करून त्यांना थांबवलं.

“बारा वर्षं मी माझ्यावर चिडत आले, बाई. आज तुमच्यावर चिडते. तुम्ही फक्त ऐका.”

बाईंनी पिशवी खाली जिन्यावर ठेवली आणि जाऊ बोलायची थांबेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.